‘यांस’च्या आधीची मोकळी जागा

नवी हळद यायला लागली की हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात. माल नुसता जिल्ह्याच्या पाच तालुक्यांतला नसतो. नांदेड, परभणी, वाशीमकडच्या गाड्याही रांगेत असतात. बीट म्हणजे लिलाव होतो, पोती काट्यावर चढतात, शेतकऱ्याच्या हाती हिशोबपट्टी पडते. इथल्या आडत्याची खरी पुंजी म्हणजे जोडलेली माणसं. कोणाची हळद नीट शिजलेली असते, कोण पैशासाठी आठ दिवस थांबू शकतो, कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात आणि थोडं वहीत असतं.

आता ही वही संगणकात येते आहे. तिच्यातच पत्र लिहायची सोय असली तर काय साधतं, ते पाहण्यासारखं आहे.

या सोयीची गोष्ट जुनी आहे. अमेरिकेतल्या डॅलस शहरात पॅट सलिव्हन आणि माइक मुहनी या दोघांनी 1987 साली ‘अ‍ॅक्ट’ नावाचं सॉफ्टवेअर आणलं. धंद्यातल्या माणसांची नावं, पत्ते, फोन, ठरलेल्या भेटी त्यात राहत आणि पत्र लिहायचा वर्ड प्रोसेसरही त्यातच होता. डॉसच्या त्या काळात एका वेळी एकच प्रोग्राम चाले. पत्रासाठी यादी बंद करायची, दुसरा प्रोग्राम उघडायचा आणि पत्ता पुन्हा टाइप करायचा, असा सगळा खटाटोप असे. आपल्याकडचं उदाहरण झोहो या कंपनीचं. त्यांच्या ग्राहकनोंदीच्या सॉफ्टवेअरमधून पत्रं काढायची तर साचा त्यांच्याच ‘रायटर’मध्ये तयार होतो.

काम साधं आहे. पत्राचा मजकूर एकदाच लिहायचा. नाव, गाव, मागच्या वेळचा माल यांसाठी मोकळ्या जागा सोडायच्या. यंत्र एकेका माणसाची नोंद उघडतं, जागा भरतं आणि दोनशे माणसांची दोनशे पत्रं तयार होतात. मला मात्र त्यानंतरची पायरी मोलाची वाटते. पाठवलेल्या पत्राची नोंद त्या माणसाच्या खात्यात तारखेसह राहते. पुढच्या हंगामात तोच शेतकरी दुकानात आला की गादीवर कोणीही बसलेलं असो, आपण त्याला काय कळवलं होतं ते समोर दिसतं. शब्द देणं आणि तो लक्षात ठेवणं, दोन्ही एकाच जागी येतं.

मराठीत हे उशिरा जमलं. जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट बदलला की ‘कळमनुरी’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसे, आणि नोंदीच्या रकान्याला आपला फॉन्ट आठवत नसे. युनिकोड आलं, विंडोज 2000 पासून देवनागरी थेट संगणकात बसली, आणि नाव कुठेही नेलं तरी नावच राहू लागलं.

तरीही एक अडचण उरते, ती आपल्या व्याकरणाची. इंग्रजीत नाव आहे तसं वाक्यात बसतं. मराठीत प्रत्यय लागताना शब्द वळतो. साच्यात गावाच्या जागेपुढे ‘ला’ लिहिलं तर हिंगोलीला, वसमतला, सेनगावला ठीक छापलं जातं. पण औंढ्याच्या माणसाला ‘औंढाला’ असं पत्र जातं, कुरुंद्याच्या माणसाला ‘कुरुंदाला’, हट्ट्याच्या माणसाला ‘हट्टाला’. ‘पाटील’चं ‘पाटलांना’ व्हावं, हेही यंत्राला कळत नाही. लिंगाचं तसंच. ‘आपण आमच्याकडे आला होता’ हे वाक्य शेतकरी बाईला धाडलं तर खटकू शकतं. ‘आपण आमच्याकडे हळद आणली होती’ हे मात्र सगळ्यांना चालतं, कारण तिथं क्रियापद हळदीच्या मागे जातं.

इथं आपला जुना पत्रलेखनाचा रिवाज कामी येतो. ‘श्री. अमुक यांस’, ‘मु. पो. अमुक येथे’, ‘स. न. वि. वि.’ हा साचा आपण शाळेत घोकला आणि पुढे जुनाट म्हणून टाकून दिला. नीट पाहा: ‘यांस’ आणि ‘येथे’ प्रत्ययाचा भार स्वतःवर घेतात आणि आधीच्या नावाला धक्का लागू देत नाहीत. ‘पाटील यांस’, ‘औंढा येथे’, ‘कुरुंदा येथील आपल्या शेतातली हळद’. एकही शब्द वळवावा लागत नाही. मोकळी जागा सोडून पत्र लिहायची रीत मराठीला संगणकाच्या कितीतरी आधीपासून येत होती.

आणि जिथं आपुलकीनं ‘औंढ्याला’ असंच म्हणायचं असेल, तिथं यादीत एक रकाना वाढवावा: गावाचं सामान्यरूप. ‘औंढा’च्या शेजारी ‘औंढ्या’, ‘हट्टा’च्या शेजारी ‘हट्ट्या’. वसमत, सेनगाव आहेत तसेच. एका दुपारचं काम आहे, आणि ते मराठी येणाऱ्या माणसानंच करायचं आहे.

वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या हळदीचं नाव दूर जाईल, तशी इथून जाणारी पत्रंही वाढतील. ‘औंढ्याला’ बरोबर छापलेलं पत्र वाचताना औंढ्याचा शेतकरी त्या शब्दावर थांबणार नाही. ‘औंढाला’ असतं तर थांबला असता, आणि हे पत्र आपल्याला कोणा माणसानं लिहिलेलं नाही, हे त्याला तिथंच कळलं असतं.