मायफळ : फळ नव्हे, किड्याचें घर

बाळगुटींत हिरडा, वेखंड, मुरुडशेंग यांच्या सोबतीला मायफळ असतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. परंतु हें फळ कोणत्या झाडाचें, असें विचारल्यास बहुतेकांस उत्तर देतां येत नाहीं. आम्हींही महसुली दप्तरांत आयुष्य घालविलें, जुन्या कागदांवरील न पुसणारी काळी शाई पाहिली. पण अशा शाईचें मूळ मायफळांत असतें, हें निवृत्तीनंतरच वाचनांत आलें.

वस्तुतः मायफळ हें फळच नव्हे. तुर्कस्थान, सीरिया, इराण इकडील कोरड्या डोंगरउतारांवर ओक जातीचें एक खुजें झुडूप होतें. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यांतील एक अगदीं लहान माशी त्याच्या कोंवळ्या डिरीस टोंचून आंत अंडें घालते. अळी निघाली म्हणजे तिच्या भोंवतालचा झाडाचा भाग फुगूं लागतो व लहान बोराएवढी, उंचवट्यांची टणक गांठ तयार होते. घर बांधावयाचें झाडानें, आणि राहावयाचें व खावयाचें अळीनें, असा हा व्यवहार आहे! गांठींत तुरट द्रव्य विपुल. उत्तम मालांत तें निम्म्याहून अधिक भरतें. तिच्या काढ्यांत हिराकस व डिंक मिसळला कीं पक्की काळी शाई होते. युरोपांतील दप्तरें कित्येक शतकें याच शाईनें लिहिलीं गेलीं.

अळीची माशी झाली म्हणजे ती गांठीस वाटोळें छिद्र पाडून उडून जाते. त्यापूर्वीं खुडलेल्या गांठी निळसर-हिरवट, जड व फार तुरट असतात. मागाहून वेंचलेल्या पिंवळट-पांढऱ्या, हलक्या व कमी कसाच्या. म्हणून मायफळ घेतांना छिद्र आहे कीं नाहीं, तें अवश्य पाहावें.

हें छिद्र शेतकऱ्यासही एक धडा शिकवितें. तिळावर गादमाशी पडते. ती वेगळ्या कुळांतील, डांसासारखी नाजूक असते. पण तिची रीत अशीच आहे. ती कळींत अंडें घालते, आणि बोंड न धरतां त्या ठिकाणीं गांठ बनते. एके वर्षीं आमच्या तिळांत अशा गांठी दिसल्या. ढगाळ हवेनें फुलोरा बिघडला, असें समजून आम्ही स्वस्थ बसलों. पुढें गांठी फोडून पाहिल्या, तों आंत कांहींच नाहीं! माश्या केव्हांच निघून नव्या कळ्यांवर गेल्या होत्या. त्या साली पदरांत तीळ थोडेच पडले.

यास्तव तीळ कळीवर आला कीं दोन-चार दिवसांआड शेतांतून फिरावें. गांठी दिसतांच त्या खुडाव्या, गळलेल्या कळ्या वेंचाव्या व सर्व जाळून टाकावें. हें काम छिद्र पडण्यापूर्वींच झालें पाहिजे. मायफळाचा कस आणि तिळाचें पीक, दोहोंचाही हिशेब त्या एवढ्याशा छिद्रावर अवलंबून आहे.