माती आणि घाण : मुलांच्या रोगप्रतिकारशक्तीविषयी

दरवर्षी शाळा उघडते तेव्हा वसतिगृहाच्या दारात दोन वाक्ये आमच्या कानी हमखास पडतात. वाशीम शहरातील एखादे नोकरदार पालक मुलाच्या पेटीत सॅनिटायझरची बाटली ठेवत म्हणतात, “सर, याला मातीत खेळू देऊ नका, लगेच शिंका सुरू होतात.” आणि मानोरा-मालेगावकडच्या खेड्यावरून आलेले शेतमजूर वडील हसून सांगतात, “सर, मातीतलं पोट्टं हाय, त्याले काई होत नाई.” पहिल्यांना मातीचे भय वाटते, दुसऱ्यांना घाणीचेही भय उरलेले नाही. दोघांच्याही बोलण्यात सत्याचा अंश आहे आणि दोघेही एकच गफलत करीत आहेत. आम्ही इतिहासाचे शिक्षक. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि शेकडो मुलांसोबत वर्षानुवर्षे राहिल्याने या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला, आणि त्यानिमित्ताने जे वाचले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मूल जन्मते तेव्हा त्याची रोगप्रतिकार यंत्रणा अस्तित्वात असते, परंतु तिचे शिक्षण झालेले नसते. जन्माच्या वेळी आईच्या शरीरातील जिवाणू बाळाला प्रथम भेटतात. आईच्या दुधात संरक्षक प्रतिपिंडे असतात. शिवाय त्यात अशा काही शर्करा असतात, ज्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या बाळाच्या आतड्यातील उपकारक जिवाणूंचे अन्न होत. पुढे घर, अंगण, भावंडे, जनावरे आणि अन्न यांच्याद्वारे आतड्यातील जिवाणूंची वस्ती वाढत जाते आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत ती बरीचशी स्थिरावते. भारतीयांच्या आतड्यात ‘प्रेव्होटेला’ हा तंतुमय अन्नावर पोसणारा जिवाणू विपुल असतो, असे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेतील डॉ. योगेश शौचे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत दिसून आले आहे. आपल्या ज्वारीच्या भाकरीचे आणि तुरीच्या वरणाचे नाते असे थेट आतड्यातील या सूक्ष्म वस्तीशी आहे.

या सहवासातून प्रतिकार यंत्रणा दोन धडे शिकते. पहिला, शत्रूशी लढण्याचा. दुसरा अधिक अवघड : जे शत्रू नाही त्याला सोडून देण्याचा. परागकण, धूळ, अन्न किंवा स्वतःच्याच पेशी यांवर हल्ला न करणे हेदेखील शिकावे लागते. हा संयम राखणाऱ्या नियामक ‘टी’ पेशींच्या शोधासाठीच २०२५ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाला. दुसरा धडा कच्चा राहिला, की ॲलर्जी आणि दम्यासारखे विकार डोके वर काढतात.

१९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने १९५८ साली जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली. ज्यांना मोठी भावंडे अधिक, त्यांच्यात परागकणांमुळे होणारी सर्दी कमी आढळली. लहानपणी भावंडांकडून मिळणारे संसर्ग संरक्षण देत असावेत, असा तर्क त्यांनी मांडला. तोच पुढे ‘स्वच्छता-गृहीतक’ म्हणून प्रसिद्ध झाला. या नावानेच घोटाळा केला. स्वच्छता वाईट आणि घाण चांगली, असा त्याचा सोपा अर्थ लोकांनी काढला.

२००३ मध्ये ग्रॅहम रूक यांनी यात महत्त्वाची दुरुस्ती सुचविली. मानवजात ज्यांच्यासोबत लाखो वर्षे वाढली, ते माती, वनस्पती, जनावरे आणि आतडे यांतील निरुपद्रवी सूक्ष्मजीव आपले ‘जुने मित्र’ होत. धडा त्यांच्याकडून मिळतो. गोवर, पटकी, क्षय हे तसे शिक्षक नव्हेत. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांच्या २०१६ मधील अभ्यासाने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. दोघांचे मूळ युरोपातले आणि आहारविहार पुष्कळसा सारखा. परंतु आमिश मुले घराशेजारच्या गोठ्यात वावरतात, तर हटराइटांची शेती यांत्रिक व वस्तीपासून दूर. दम्याचे प्रमाण आमिश मुलांत सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत सुमारे २१ टक्के. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की आमिश घरे गलिच्छ नसतात. त्या मुलांना गोठ्याची धूळ मिळाली, सांडपाणी नव्हे.

आता आपल्याकडे वळू. २०२० मध्ये डॉ. शेखर मांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पुण्याच्या वर उल्लेखिलेल्या संस्थेच्याच सहभागाने, अनेक देशांतील कोविड मृत्यूंची तुलना केली. स्वच्छतेच्या सोयी अधिक असलेल्या देशांत मृत्युदर अधिक दिसतो, असा संबंध त्यांना आढळला. स्वच्छता सोडावी, असे त्यांनी मुळीच म्हटले नव्हते. परंतु चावडीवर आणि मोबाइलवर त्याचे रूपांतर ‘आपली माणसं घाणीत वाढलेली, आपल्याला काही होत नाही’ असे झाले. इतिहासाचा विद्यार्थी येथे थांबून विचारील : दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरते काय? श्रीमंत देशांत वृद्धांची संख्या अधिक आहे आणि तेथे मृत्यूंची नोंदही अधिक काटेकोर होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील रिसोड तालुक्यात एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. ती मुले बहुतांशी विदर्भातलीच होती. त्या आजाराने जगभरच मुलांना वृद्धांपेक्षा कमी छळले. ते वयामुळे, घाणीमुळे नव्हे. त्यानंतर दोन महिन्यांत आलेल्या लाटेने तर ‘आपल्याला काही होत नाही’ या वाक्याची किंमत गावोगाव वसूल केली.

घाण प्रत्यक्षात काय करते, हे आम्ही वर्गात पाहतो. मलमिश्रित पाण्यामुळे वारंवार जुलाब झाले, की आतड्याचे अस्तर सुजते, अन्न अंगी लागत नाही आणि उंची खुंटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. शिवाय अशा परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांत पोलिओ, रोटाव्हायरस यांसारख्या तोंडावाटे देण्याच्या लसी कमी परिणामकारक ठरतात. म्हणजे घाण प्रतिकारशक्ती घडवीत नाही. ती शिकविण्याचे साधनही बोथट करते.

आणि घाणीत कोण वाढले, हा प्रश्न आपल्या समाजाला तरी विसरता येणार नाही. आपल्या वस्त्या गावकुसाबाहेर आपल्या आवडीने वसल्या नव्हत्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून ‘शुद्ध’ केले. शुद्धी आणि स्वच्छता या किती भिन्न गोष्टी आहेत, याचा याहून चांगला पाठ आम्हांस विद्यार्थ्यांना देता आलेला नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्वच्छ पाणी नाकारले गेले, त्यांना ‘तुम्ही काटक आहात’ असे सांगणे ही प्रशंसा नव्हे. ती नकाराची दुसरी तऱ्हा आहे. आपणच ते वाक्य अभिमानाने उच्चारू लागलो, तर नळ आणि शौचालय मागण्याचा हक्क आपण आपल्याच तोंडाने सोडून देतो.

म्हणून दोन्ही पालकांना आमचे सांगणे असे आहे. मुलांना मैदानात खेळू द्या, झाडे लावू द्या, गुरांजवळ जाऊ द्या; आधीच दमा वा ॲलर्जी असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्या. आईचे दूध, भाकरी, डाळी, पालेभाज्या यांना पर्याय शोधू नका. साध्या सर्दीला प्रतिजैविकांच्या गोळ्या मागू नका. त्या आतड्यातील मित्रांनाही मारतात. त्याचबरोबर जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुण्यास सूट नाही. उघड्यावर शौच होणाऱ्या जागेची माती ही ‘जुन्या मित्रां’ची माती नव्हे, तेथे अनवाणी पायातून हुककृमी शिरतो. जंतनाशक गोळी चुकवू नये. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस घ्यावी. लस हाही धडाच आहे, परंतु आजार न भोगता मिळालेला.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण गावी जाल, तेव्हा तेथील अंगणवाडीच्या पाण्याची टाकी शेवटची केव्हा धुतली आणि शाळेच्या शौचालयात पाणी येते काय, एवढे अवश्य विचारा. उत्तर समाधानकारक नसेल तर ग्रामसभेत उभे राहून पुन्हा विचारा. आपल्या मुलांचे पाय मातीने माखलेले असावेत; त्यांच्या पेल्यातील पाणी मात्र नितळच हवे.