ट्रॉम्बेपर्यंतची प्लुटोनियमची वाट

ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान यांच्या डिसेंबर १९३८ मधील बर्लिनच्या प्रयोगांतून युरेनियमचे विखंडन, म्हणजे न्यूट्रॉनच्या आघाताने अणुकेंद्राचे दोन तुकडे होणे, उघडकीस आले आणि वर्षभरात ते जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना ठाऊक झाले; त्यामुळे अणुबॉम्बचे खरे रहस्य सूत्रात नव्हे, तर इंधन मिळवण्याच्या कारखानदारीत होते, असेच म्हणावे लागते. नैसर्गिक युरेनियममध्ये सहज विखंडन पावणारे युरेनियम-२३५ हे समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू, जेमतेम ०.७ टक्के असते, आणि ते वेगळे काढण्यासाठी अमेरिकेला ओक रिज येथे प्रचंड कारखाने उभारावे लागले.

दुसरी वाट प्लुटोनियमची होती. अणुभट्टीत युरेनियम-२३८ ने न्यूट्रॉन शोषला की काही दिवसांत त्याचे प्लुटोनियम होते आणि ते रासायनिक प्रक्रियेने निराळे करता येते. पण अणुभट्टीत तयार होणाऱ्या या धातूत आपोआप न्यूट्रॉन सोडणारे प्लुटोनियम-२४० मिसळलेले असल्यामुळे, दोन तुकडे तोफेसारख्या नळीतून एकमेकांवर आदळवण्याची योजना जुलै १९४४ मध्ये सोडून द्यावी लागली. त्याऐवजी लॉस अलामॉस येथे अंतःस्फोटाची, म्हणजे भोवतालच्या स्फोटकांनी गोळा सर्व बाजूंनी एकाच क्षणी आत दाबण्याची, पद्धत विकसित झाली. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात तिची चाचणी झाली, तेव्हा बॉम्बच्या गाभ्यात सुमारे ६ किलो प्लुटोनियम होते, जे आकाराने मोठ्या संत्र्याएवढेच भरते.

हे काम गुप्तपणे चालू असतानाच, मार्च १९४४ मध्ये, होमी भाभा यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची मागणी केली आणि त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. पुढे ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ (१९५६) आणि कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली, अमेरिकेचे जड पाणी वापरणारी ४० मेगावॉटची ‘सायरस’ (१९६०) या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या. तरीही निर्णायक पाऊल होमी सेठना यांच्या देखरेखीखाली १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘फिनिक्स’ संयंत्राचे मानावे लागेल. तेथे जाड काँक्रीटच्या भिंतींआड वापरलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून, केरोसीनसारख्या द्रावकात मिसळलेल्या ट्रायब्युटाइल फॉस्फेटच्या साहाय्याने युरेनियम आणि प्लुटोनियम अलग केले जात असे. भौतिकशास्त्रज्ञांची चरित्रे पुष्कळ निघाली, या रसायन अभियंत्यांच्या वाट्याला मात्र तळटिपाच आल्या.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या स्फोटासाठी ‘सायरस’मधीलच प्लुटोनियम अंतःस्फोट पद्धतीने वापरण्यात आले. भारताने त्याला शांततामय स्फोट म्हटले. कॅनडाला तो करारभंग वाटला आणि त्या देशाने आपले आण्विक साहाय्य थांबवले.