मातीविना शेती : आधी पीक, मग हरितगृह

मातीचा आधार न घेता, पाण्यात विरघळविलेल्या अन्नद्रव्यांवर पिके वाढविण्याच्या पद्धतीस हायड्रोपोनिक्स किंवा मातीविना शेती असे म्हणतात. ही पद्धत अगदी नवी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्रा. गेरिक यांनी १९३० च्या सुमारास टोमॅटोची झाडे पोषक द्रावणात वाढवून दाखविली. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ साली बंगालमधील कालिंपाँग येथे असे प्रयोग सुरू केले. आज महाराष्ट्रातही अशी हरितगृहे उभी राहत आहेत. मात्र हरितगृह आधी उभारावयाचे आणि त्यात काय लावावे याचा विचार मागाहून करावयाचा, असा उलटा क्रम कित्येकदा घडतो. हा क्रम महागात पडतो.

शेतात एक पाणी चुकले तरी जमीन पिकाला काही दिवस सांभाळते. खत थोडे कमी-अधिक झाले तरी माती ते सावरून घेते. हरितगृहात असा पाठीराखा नसतो. नळीतून वाहणाऱ्या पाण्याच्या पातळ थरावर उभी असलेली रोपे, पंप बंद पडला तर उन्हाळ्याच्या दुपारी पाहता पाहता माना टाकतात. यास्तव येथे पिकाची निवड ही आवडीची गोष्ट नसून कर्जाऊ काढलेल्या भांडवलाच्या सुरक्षिततेची बाब आहे.

निवडीपूर्वीचे चार प्रश्न

पहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा. लेट्यूस अथवा सालीट हे या पद्धतीचे सर्वांत सोपे पीक होय. परंतु तालुक्याच्या आठवडी बाजारात त्याला कोण विचारणार? ते शहरातील उपाहारगृहांत खपते आणि काढणीनंतर थंडावा न मिळाल्यास लवकर कोमेजते. म्हणून घेणारा कोण, तो आठवड्यास किती माल घेईल आणि माल तेथवर कसा पोचेल, हे रोप लावण्यापूर्वी ठरले पाहिजे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. विहिरीचे पाणी तपासून घ्यावे. त्याची विद्युत वाहकता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल, तर खते मिसळण्यापूर्वीच त्यात क्षार बरेच आहेत असे समजावे. स्ट्रॉबेरी व घेवडा यांस असे पाणी मानवत नाही. टोमॅटो व आपला पालक त्यांहून अधिक सोशीक आहेत. यावर एक उपाय छपरावरच आहे. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी मिळते. १० गुंठ्यांच्या हरितगृहावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ६ लाख लिटर पाणी पडते. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला, तरी उरलेले जवळजवळ क्षारमुक्त असते.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. पाणी २० अंश सेल्सिअसला असता त्याच्या एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; ३० अंशांस तो सुमारे साडेसात मिलिग्रॅमवर येतो. मुळांना हवा कमी पडते, आणि द्रावण २५ अंशांपलीकडे गेले की मूळकुजीस अनुकूल स्थिती होते. मावळात जे पीक उन्हाळ्यात तगेल, ते विदर्भात चैत्र-वैशाखात तगेलच असे नाही.

चौथा प्रश्न विजेचा. अमेरिकेतील अरिझोना राज्यात लेट्यूसविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किलोमागे पाणी २५० लिटरांऐवजी २० लिटर लागेल असे दिसून आले. मात्र ऊर्जा सुमारे ८२ पट लागेल असा हिशेब निघाला. म्हणजे वाचलेल्या पाण्याची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते. तेथील हवामान व यंत्रणा आपल्याहून निराळी असली, तरी हा इशारा लक्षात ठेवण्याजोगा आहे. जेथे वीज वारंवार जाते, तेथे पातळ थराच्या नळ्यांऐवजी खोल पाण्याचे वाफे किंवा कोकोपीटच्या पिशव्या वापराव्यात. त्यांत थोडी उसंत मिळते.

पालेभाज्यांपासून आरंभ

नवशिक्या शेतकऱ्याने पालेभाज्यांपासून आरंभ करावा. त्या थोड्या दिवसांत निघतात, म्हणून चूक झाली तरी ती एका महिन्याची असते. लेट्यूसला १५ ते २४ अंश तपमान मानवते. त्याहून अधिक उष्णतेत ते फुलोऱ्यावर येते व पान कडू होते. म्हणून ते हिवाळ्यात घ्यावे. कोथिंबिरीसही थंड हवाच मानवते. उन्हाळ्यासाठी माठ व पालक बरे. आपला पालक बीटच्या कुळातील असून विलायती पालकाहून उष्णता अधिक सोसतो. पुदिना एकदा लावला की अनेक तोडे देतो. पालेभाज्यांसाठी द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ व वाहकता साधारणतः १.२ ते १.८ ठेवावी.

फळभाज्या

हात बसल्यावर काकडी, टोमॅटो व ढोबळी मिरचीकडे वळावे. ही पिके कोकोपीटच्या पिशव्यांत, ठिबकावर व दोरीच्या आधाराने घ्यावीत. जाळीमुळे मधमाश्या आत येत नाहीत, हे ध्यानी धरून परागीभवनाविना फळ धरणारे काकडीचे वाणच निवडावे. टोमॅटोच्या फुलोऱ्याच्या वेळी दोऱ्या रोज हलवाव्यात. दिवसाचे तपमान ३५ अंशांवर व रात्रीचेही चढे राहिले, तर टोमॅटोची फुले गळतात. ढोबळी मिरचीचे पैसे हाती येण्यास सर्वांत अधिक धीर धरावा लागतो.

काय लावू नये

गहू, ज्वारी, कांदा, बटाटा व गाजर ही पिके वाढविता येतील. पण परवडणार नाहीत. ज्यासाठी जमीन स्वस्तात काम करते, ते काम महागड्या छपराखाली करू नये. ट्रेमधील मक्याच्या चाऱ्याविषयीही भ्रम नसावा. १ किलो दाण्यापासून आठवड्यात ५ ते ६ किलो हिरवा चारा होतो खरा. परंतु वाढलेले वजन पाण्याचे असते, कोरडा अंश उलट थोडा घटतो. टंचाईत जनावरांना हिरवे मिळावे एवढ्यापुरताच त्याचा उपयोग समजावा.

हिशेब कसा करावा

भाव एकटा पाहू नये. चौरस मीटरमागे दररोज काय पडते ते पाहावे. समजा, १ चौरस मीटरमध्ये लेट्यूसची २० रोपे बसली व ३५ दिवसांत प्रत्येकी १५० ग्रॅम भरली, तर ३ किलो माल झाला, म्हणजे दिवसास सुमारे ८६ ग्रॅम. काकडीने तेवढ्याच जागेत १०० दिवसांत ९ किलो दिले, तर दिवसास ९० ग्रॅम. वजन जवळजवळ सारखेच. मग निकाल भाव, मजुरी, वीज व वाहतूक यांवर लागतो. हा हिशेब ग्रामकार्यकर्त्याने शेतकऱ्याबरोबर बसून, त्याच्या गावच्या आकड्यांनी करावा, आणि भाव निम्म्यावर आला तर हप्ता फिटेल काय, हेही त्याच कागदावर मांडावे. उत्तर नकारार्थी आले, तर एका लहान वाफ्यावर एक वर्ष प्रयोग करून पाहण्याचा सल्ला द्यावा. लहान वाफ्यात झालेली चूक पुढील हंगामात सुधारता येते. कर्ज काढून उभारलेले छप्पर मात्र सहजासहजी मोडता येत नाही.