शांततेचंही रेकॉर्डिंग

मुलाखत संपली, तरी ध्वनिमुद्रक कुणाला उठू देत नाही. अर्धं मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. पंखा चालू होता तर चालूच ठेवायचा, खुर्ची हलवायची नाही. मग तो त्या खोलीतली शांतता रेकॉर्ड करतो! हा ‘रूम टोन’. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो. खरंच, प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. घाटकोपरच्या शांततेत लांबून जाणारी लोकल असते, विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाची घरघर असते.

संकलक एखादं वाक्य कापतो तेव्हा मागचा आवाजही तुटतो. विमान आकाशातच नाहीसं होतं आणि कान अडखळतो. त्या फटीत जपून ठेवलेली शांतता भरली, की सांधा ऐकू येत नाही. डोळ्यांसाठी ‘कटअवे’: बोलणं चालूच, पण चित्र हातांचं, नाहीतर भिंतीवरच्या तसबिरीचं. मधली दहा मिनिटं गाळली, हे आपल्याला कळतही नाही. केवढी ताकद ही! म्हणूनच गाळताना बोलणाऱ्याचा अर्थ फिरू न देणं, हे मला संकलकाचं सगळ्यात अवघड काम वाटतं.

आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पाहताना मी या सांध्यांपाशी थबकतो. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. 10 जण गेले. त्याने व्यथित होऊन काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. या मरणापासून सुरुवात करून पटवर्धन पुढची 14 वर्षं चित्रण करत राहिले. प्रश्न ते स्वतःच विचारतात, कॅमेऱ्यामागून. फिल्म सुमारे तीन तासांची. सेकंदाला 25 चौकटी धरल्या, तर तीन तासांत 2,70,000 चौकटी होतात, आणि त्यांत 14 वर्षं मावतात.

पण ज्यांच्यापासून हे चित्रण सुरू झालं, त्या घोगऱ्यांना आता काही विचारायची सोय नव्हती. मात्र झोपडपट्ट्या पाडण्यावरच्या ‘हमारा शहर’ या 1985 च्या फिल्मसाठी ते पटवर्धनांच्याच कॅमेऱ्यासमोर गायले होते. ते चित्रण शिल्लक होतं. नव्या फिल्ममध्ये घोगरे पुन्हा दिसतात, पुन्हा गातात. त्यांच्या गाण्याची चौकट आणि त्यांच्या मरणानंतरची चौकट, यांच्या मध्ये सुमारे बारा वर्षं आहेत. पडद्यावर तिथे फक्त एक कट आहे.