आधी दात, मग हत्ती

युरोपातील बहुतेक भाषांना हत्तीचे नाव पुरविणारा ‘एलेफास’ हा ग्रीक शब्द आपल्या अगदी जुन्या आढळात प्राण्याचा नव्हे, तर हस्तिदंत नावाच्या मौल्यवान जिनसेचा वाचक होता. मायकेल व्हेंट्रिसने १९५२ साली ज्या ‘लिनिअर बी’ लिपीचा उलगडा केला, त्या लिपीतील पायलोसच्या मृत्तिकापट्टांवर, म्हणजे राजवाड्याच्या कारकुनांनी केलेल्या सामानाच्या याद्यांत, मेजा-खुर्च्यांवरील जडावकामाच्या तपशिलात तो येतो. होमरची कथाही तीच. ‘इलियड’च्या चौथ्या सर्गात जखमी मेनेलाउसच्या मांडीवरून रक्त ओघळते, तेव्हा कवीला आठवते ती घोड्याच्या गालपट्टीसाठी हस्तिदंताला किरमिजी रंग चढविणारी माएओनियाची वा कारियाची कोणी स्त्री, परंतु दाताची कांती ज्याने इतक्या बारकाईने निरखली, त्याच्या दोन्ही महाकाव्यांत त्या दाताचा धनी एकदाही पाऊल टाकीत नाही.

तो अवतरतो हेरोडोटसच्या ग्रंथात, ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात, आफ्रिकेच्या वर्णनात. आणि ख्रिस्तपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाच्या गजदळाने शिकंदराच्या फौजेला त्याचा जो परिचय करून दिला, त्यानंतर शब्दाच्या अर्थाविषयी कोणा ग्रीकाला शंका उरली असेल असे वाटत नाही.

मूळ शब्द कोठला, यावर पंडितांचे एकमत नाही. कोणी हत्ती आणि हस्तिदंत या दोहोंना लागू असलेला मिसरी ‘आबू’ पुढे करतात, कोणी आपला ‘इभ’. मला तर तो दाताच्या गाठोड्यांबरोबर बंदरोबंदर फिरत आलेला वाटतो. ज्यांच्या रानांत हत्ती होता त्यांनी त्याची सोंड पाहून त्याला ‘हस्ती’, म्हणजे हात असलेला, म्हटले. केवळ माल पाहिलेल्यांनी मालाचेच नाव धन्याला दिले. पुढे उत्तरेकडील गॉथ लोकांच्या भाषेत बहुधा हाच शब्द ‘उल्बांदुस’ होऊन उंटाला चिकटला, यावरून न पाहिलेल्या जनावराच्या नावाची कशी परवड होते ते दिसते.

आपल्या किनाऱ्यावर तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरला. घारापुरीच्या धक्क्याजवळचा भला थोरला दगडी हत्ती पाहून त्यांनी बेटालाच ‘एलिफंटा’ केले. इंग्रजी अमलात तो हत्ती हलविताना भंगला. त्याचे तुकडे सांधून उभी केलेली मूर्ती आज भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. बेटावरील ग्रामपंचायत मात्र घारापुरीचीच राहिली.