स्त्रीने गाऊ नये की पुरुषाने ऐकू नये? ज्यू धर्मातल्या 'कोल इशा'चा वाद नेमका काय आहे?

सप्टेंबर २०११. इस्रायली लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण शाळेत एक कार्यक्रम सुरू होता. एक महिला सैनिक गायला लागली आणि नऊ धार्मिक प्रशिक्षणार्थी उठून सभागृहाबाहेर गेले. पुढेही असंच वागणार, या भूमिकेवर त्यातले चौघे ठाम राहिले. त्यांना अभ्यासक्रमातून काढून टाकण्यात आलं.

देशभर वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं होतं, 'धर्म पाळला म्हणून शिक्षा का?' दुसरी बाजू विचारत होती, 'ज्या सहकारी सैनिकाकडे पाठ फिरवून तुम्ही निघून गेलात, तिच्या सन्मानाचं काय?'

या वादाच्या मुळाशी एक जुना नियम आहे. त्याचं नाव 'कोल इशा', म्हणजे स्त्रीचा आवाज.

हा नियम आला कुठून?

तालमुद हा ज्यू धर्मशास्त्राचा पायाभूत ग्रंथ. त्यात तिसऱ्या शतकातल्या श्मुएल या बॅबिलोनियातल्या पंडिताचं एक छोटंसं मत नोंदवलेलं आहे. स्त्रीचा आवाज 'एर्वा' आहे, असं तो म्हणतो. एर्वा म्हणजे झाकून ठेवायची, कामभावना जागवणारी गोष्ट. आधार म्हणून तो बायबलमधल्या 'गीतरत्न' या प्रेमकाव्याकडे बोट दाखवतो. त्या काव्यात प्रेयसीच्या गोड आवाजाचं कौतुक आहे.

गंमत म्हणजे या मतात 'गाणं' हा शब्दच नाही, फक्त 'आवाज' आहे. शिवाय हे मत येतं ते 'शमा' या रोजच्या प्रार्थनेच्या चर्चेत. त्यामुळे प्रश्न उभा राहिला: हा नियम फक्त प्रार्थना म्हणताना लागू होतो की कायमचा? बोलण्यालाही लागू होतो की फक्त गाण्याला?

काही जुन्या पंडितांनी तो प्रार्थनेपुरताच मानला. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझने मात्र त्याला स्त्री-पुरुष संबंधांच्या नियमांमध्ये जागा दिली. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांच्या 'शुल्हान आरुख' या धर्मसंहितेत तो दोन्ही ठिकाणी आला. बोलण्याला हरकत नाही, परस्त्रीचं गाणं मात्र पुरुषाने ऐकू नये, असा अर्थ पुढे कर्मठ समाजात रूढ झाला.

मग बायबलमधल्या स्त्रिया गात नव्हत्या?

गात होत्या की! इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाल्यावर मोशेची बहीण मिर्याम हातात डफ घेऊन स्त्रियांसोबत गायली. दबोरा ही न्यायाधीश आणि संदेष्टी. तिने तर सेनापती बाराकसोबत विजयगीत गायलं. बंदीचा विरोध करणारे हीच उदाहरणं देतात. त्यावर कर्मठांचं उत्तर असं, की मिर्याम फक्त स्त्रियांसाठी गायली आणि दबोराचं गाणं हा ईश्वरी प्रेरणेचा अपवाद होता.

सगळे ज्यू हा नियम पाळतात का?

नाही. रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पंथांमध्ये स्त्रिया सिनेगॉगमध्ये उघडपणे गातात. अमेरिकेत रिफॉर्म पंथाने १९७५ मध्ये बार्बरा ऑस्टफेल्ड यांना 'कॅन्टर', म्हणजे प्रार्थना गाऊन तिचं नेतृत्व करणाऱ्या पदाची दीक्षा दिली.

खरी चर्चा आहे ती ऑर्थोडॉक्स, म्हणजे कर्मठ पंथात. तिथेही एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधल्या एका ज्यू युवक संघटनेसमोर पेच पडला. मुलं-मुली एकत्र भजनं गात. हे चालेल का? रब्बी येहिएल याकोव्ह वाइनबर्ग यांनी परवानगी दिली. अनेक आवाज एकत्र आले की एकटीचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, हा त्यातला एक मुद्दा. दुसरा मुद्दा माणसांचा होता. मुलींना गप्प बसवलं तर त्या अपमानित होऊन धर्मापासूनच दूर जातील, ही त्यांची काळजी होती.

रेडिओचं काय? गायिका समोर नाही आणि श्रोता तिला ओळखत नाही, तर ऐकायला हरकत नाही, असं मत इस्रायलचे माजी मुख्य सेफार्दी रब्बी ओवादिया योसेफ यांनी दिलं. इतर काही रब्बींना हेही मान्य नाही.

स्त्रियांना काय वाटतं?

इथेही एकच उत्तर नाही. अनेक कर्मठ स्त्रिया हा नियम मनापासून पाळतात आणि फक्त स्त्रियांसाठी मैफली करतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 'बुलेटप्रूफ स्टॉकिंग्ज' हा हसिदी स्त्रियांचा रॉक बँड अशाच, फक्त स्त्रियांसाठीच्या कार्यक्रमांमुळे गाजला.

पण अनेकींना तो टोचतो. शब्बाथच्या जेवणानंतर घरोघरी टेबलाभोवती गाणी होतात. कडक घरांमध्ये पाहुणे पुरुष आले की लहानपणापासून मोकळेपणाने गाणारी मुलगी वयात आल्यावर गप्प होते. भाऊ मात्र गात राहतात.

बंधन नक्की कोणावर?

शास्त्राच्या भाषेत हा नियम मुख्यतः ऐकणाऱ्या पुरुषावर आहे. व्यवहारात मात्र तोंड बंद होतं ते स्त्रीचं. आणि एकदा ते सुरू झालं की गाण्यापाशी थांबतंच असं नाही.

इस्रायलमधलं 'कोल बरामा' हे धार्मिक रेडिओ केंद्र २००९ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्यावर स्त्रियांना बोलूही दिलं जात नव्हतं. वास्तविक शास्त्राची मुख्य हरकत गाण्याला, बोलण्याला नाही. याविरुद्ध कोर्टात गेली ती 'कोलेख' ही धार्मिक ज्यू स्त्रियांचीच संघटना. २०१८ मध्ये न्यायालयाने केंद्राला दहा लाख शेकेल भरायला लावले.

आपल्याकडचे ज्यू काय करत होते?

केरळमधल्या कोचीनच्या ज्यू स्त्रियांनी मल्याळम गाण्यांचा मोठा ठेवा वह्यांमध्ये उतरवून जपला. लग्नकार्यात आणि सणांना त्या पुरुषांसमोर गात आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे. धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा हा समाज होता, हे विशेष.

कोकणातल्या मराठी भाषक बेने इस्रायली समाजात १८८० च्या सुमारास बायबलच्या कथांवर मराठी कीर्तनं होऊ लागली. पुढे बहुतेक समाज इस्रायलला गेला. तिथे ही मराठी गाणी टिकवण्यात स्त्रियांच्या गटांचा मोठा वाटा आहे.

म्हणजे एकच धर्म, एकच ग्रंथ आणि तेच छोटंसं मत. त्याच्या आधारावर कुठे मुलगी गप्प झाली, तर कुठे आजीच्या गाण्यांची वही नातीच्या हातात आली. हा फरक ग्रंथातून आलेला नाही. ग्रंथाचा अर्थ लावताना समोरच्या स्त्रीचा किती विचार झाला, त्यातून तो आला आहे.